मेंझच्या खोक्याचं बटण

लुलीतचं टेबल म्हणजे उकिरडा होता, पण तिची स्क्रीन बघावी. अदिस अबाबात, अरात किलोच्या चढावरच्या त्या ऑफिसात बाकीची मंडळी बग शोधायची म्हणजे सगळा माल एका ओळीत स्क्रीनवर ओतायची आणि मग डोळे बारीक करून त्यावर बोट फिरवत बसायची. डोंगराडोंगरांवर ठेवलेली पावसाची खोकी दर तासाला जो निरोप पाठवतात, तो तसाच पाहिला तर अंक आणि अक्षरांची एक लांबलचक शेपटी असते. लुलीतला ती शेपटी बघवायची नाही. ती आधी निरोप उलगडून घ्यायची. ठाण्याचं नाव एका ओळीवर, पाऊस त्याच्या खाली, बॅटरी त्याच्या खाली. आणि ज्याच्या पोटात आणखी काही असेल, ते पोटातलं थोडं आत सरकवून. तिची आई एताग्यें मसूर निवडायला बसली की आधी सूपभर पसरून घ्यायची, मग खडा आपोआप दिसायचा. लुलीतने हेच उचललं होतं, फक्त मसुरीच्या जागी आकडे होते.

"तू बग शोधत नाहीस गं," शेजारच्या टेबलावरची सामरावित चिडवायची. "तू त्याला आंघोळ घालतेस, भांग पाडतेस आणि रांगेत उभा करतेस. मग तो बिचारा लाजून स्वतःच पुढे येतो."

"आणि तू त्याला अंधारात लाथा घालतेस."

"माझाही सापडतो."

"सापडतो ना. पण तोवर लोक नवं खोकं विकत घेतात."

त्या उलगड्यात सगळ्यात खाली एक ओळ यायची, 'चाचणी बटण'. खोक्याच्या बाजूला एक रबरी बटण असतं. देखभाल करणाऱ्याने बॅटरी बदलली की ते एकदा दाबायचं, म्हणजे निरोप जातोय की नाही ते कळतं, आणि स्क्रीनवर 'चाचणी बटण: १' असं येतं. या ओळीकडे ऑफिसात कोणी ढुंकूनही बघत नसे. लुलीत मात्र आधी तीच बघायची, कारण मेंझचं खोकं एंदालेच्या ताब्यात होतं.

एंदाले आणि ती एकाच वर्षी कामाला लागली. पहिली खोकी दोघांनी शेजारी बसून जोडली. डाग देताना त्याची बोटं भाजायची आणि ती फुंकर घालायच्या निमित्ताने हात धरायची. मग तो खोकी बसवायला मेंझला गेला, मेहाल मेदाजवळच्या आपल्याच गावी, आणि तिथलाच होऊन राहिला. बटण तीनदा दाबलं तर त्याचा अर्थ होता, 'शनिवारी येतोय'. फोन होता की, पण फोनवर बोललं की एताग्यें ऐकायची. लुलीतला तिच्या टेबलावरून खोक्याचा हिरवा दिवा लुकलुकवता यायचा. ती तीनदा लुकलुकवायची. तिकडे त्या उघड्या कड्यावर, थंड वाऱ्यात, एक माणूस दिव्याकडे बघून एकटाच हसत असेल हे तिला इकडून दिसायचं नाही, पण ठाऊक असायचं. शनिवारच्या बसने तो यायचा. एकदा तर खांद्यावर मेंझची जाड लोकरी घोंगडी टाकून आला आणि म्हणाला, "घे. तुमच्या अदिसच्या थंडीला मी थंडी म्हणत नाही, पण घे."

फोन व्हायचा तो तारखेसाठी. खोक्याला स्वतःचं कॅलेंडर नव्हतं. बॅटरी बदलणाऱ्याने देखभालीची तारीख हाताने घालायची, आणि नियम असा की ती जानेवारी-डिसेंबरवाल्या फिरंगी कॅलेंडरातली घालायची. एंदालेला ते कधी जमलं नाही. तो सेने, हामले, नेहासे या महिन्यांत जगायचा, संतांच्या वारांवर दिवस मोजायचा. मग तो चर्चच्या टेकाडावर चढून फोन लावायचा.

"लुलीये, आज तुमच्या फिरंग्यांची कितवी?"

"इतकी वर्षं झाली, अजून शिकला नाहीस?"

"शिकलो तर फोन कोणत्या तोंडाने करू?"

ती तारीख सांगायची, तो घालायचा, आणि तेवढ्यासाठी केलेला फोन पाऊण तास चालायचा.

गेल्या तिमकतच्या सणानंतर त्याने रीतीप्रमाणे लुलीतच्या दारी वडीलधारी माणसं पाठवली. पांढऱ्या गाब्या पांघरलेले तिघे, पुढे त्याचे काका गाशे तेसेमा. पहिल्या खेपेला मुलीकडचे 'परत या' म्हणतात. त्यात अपमान काही नसतो, तशीच रीत आहे. दुसऱ्या खेपेलाही म्हटलं तरी कोणी रागवत नाही. पण एताग्येंच्या जिभेला हाड नाही. 'परत या' म्हणून ती थांबली असती तर ही गोष्टच घडली नसती. ती पुढे म्हणाली, "आणि हो, माझी मुलगी काही मेंढी नाही, डोंगरावर चरायला सोडायला." गाशे तेसेमांचं सारं वैभव म्हणजे मेंढ्या. त्यांनी कॉफीचा कप तसाच ठेवला, गाबी सावरली आणि चालते झाले.

मग फोनवर जे व्हायचं ते झालं. तो म्हणाला तुझी आई, ती म्हणाली तुझे काका. तो म्हणाला इथे घर आहे, ती म्हणाली इथे नोकरी आहे. शेवटी एंदाले दमला.

"हे बघ, फोनवर आपण भांडतोच. मी काकांना मनवतो. ते हो म्हणाले की बटण तीनदा दाबीन. तुला माणसं यायला हवी असतील तर दिवा तीनदा लुकलुकव. तोवर फोन नको. शब्द देतो, मी करणार नाही."

"नको तर नको," लुलीत म्हणाली. नाकावर माशी बसू देणारी ती नव्हेच.

पावसाळा लागला, खोक्यांची देखभाल सुरू झाली, आणि लुलीत त्या एका ओळीची वाट बघू लागली. मेंझ दिसेनाच. पावसात निम्मी ठाणी मुकी होतात, म्हणून ऑफिसात कोणी विचारलंही नाही. आधी तिला वाटलं, काका मानले नसतील. मग वाटलं, यानेच विचार सोडला असेल. बस पकडून जावं असं रोज मनात यायचं. पण मुलीकडच्यांनी विचारायला जायचं नसतं, आणि त्यात तिचा ताठा. ती मूग गिळून बसली. रोज ऑफिसात आल्यावर मात्र स्क्रीन सुरू होईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

एताग्येंने तेवढ्यात मेरकातो बाजारातला एक कापडवाला तिच्यासाठी शोधला. त्याचीही माणसं एकदा येऊन गेली. पावसाळा सरताना येणाऱ्या नव्या वर्षानंतरच्या रविवारी ती पुन्हा येणार होती, आणि एताग्येंने आधीच सांगून ठेवलं होतं की या खेपेला 'हो' म्हणायचं.

"तू अजून त्याचीच वाट बघतेस," ती मसूर निवडता निवडता म्हणाली.

"कोणाची?"

"लुलीत, मसूर मी निवडते. खडा मला दिसतो."

नव्या वर्षाची सुट्टी संपून शुक्रवारी ऑफिस उघडलं. टेबलांवर सणाची पिवळी फुलं अजून ताजी होती. साहेब, अतो मेलाकू, कोट काढायच्या आधीच तिच्याकडे आले.

"प्रोग्राम दर तासाला कोलमडतोय. कुठला तरी एक निरोप येतो आणि हा पाय घसरून पडतो. तुझं ते उलगडणं सुरू कर आणि बघ घोडं कुठे पेंड खातंय."

लुलीतने बघितलं. प्रोग्राम जिथे पडत होता तिथेच बाजूला एक अडगळीचा कप्पा होता. फार जुन्या तारखेचे निरोप त्यात आपोआप जाऊन पडायचे. कप्पा भरून वाहत होता आणि त्यात सगळीकडे मेंझच. तिने त्यातले बटण दाबलेले निरोप वेगळे काढले आणि एकेक उलगडला.

ठाणे: मेंझ
पाऊस: २१
बॅटरी: भरलेली
देखभाल:
    वर्ष: २०११
    महिना: १०
    दिवस: १२
चाचणी बटण: ३

दुसऱ्यात महिना अकरा, बटण तीन. तिसऱ्यात महिना बारा, बटण तीन.

"काय गं, भूत पाहिलंस?" सामरावितने विचारलं.

"जुना माल वर आलाय. दोन हजार अकरा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर."

"म्हणजे आपण सगळे नवीन होतो तेव्हाचा?"

"हो. तो मेंझला गेला तेव्हाचा."

सामरावितला सगळं ठाऊक होतं. ती उठून दोघींसाठी कॉफी आणायला गेली.

लुलीत त्या तीन तिनांकडे बघत बसली. त्या वर्षीचं कोरडं, लख्ख ऊन तिला आठवलं, शनिवारी बसथांब्यावर उभं राहणं आठवलं, भाजलेल्या बोटांचा वास आठवला. तेव्हा तीन म्हणजे तीन होतं. दाबलं की माणूस हजर. तिला ते दिवस परत हवे होते. कापडवाला नको, नोकरीतली बढती नको, काही नको. एका शनिवारी तो बसमधून उतरावा आणि त्याने म्हणावं, हे काय, अजून इथेच उभी? एरवी सूपभर मसुरीतून खडा टिपणाऱ्या या बाईच्या ध्यानातही आलं नाही की डिसेंबरात मेंझला एवढा पाऊस कधी पडत नाही. तिची नजर शेवटच्या ओळीवरून वर जातच नव्हती.

कॉफी आली. तिने डोळे पुसले आणि जो निरोप प्रोग्रामला पाडत होता तो उलगडला.

ठाणे: मेंझ
पाऊस: ३८
बॅटरी: भरलेली
देखभाल:
    वर्ष: २०११
    महिना: १३
    दिवस: ३
चाचणी बटण: १

"महिना तेरा?" सामरावित तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "मग पडेल नाही तर काय. फिरंग्यांना तेरावा महिना कुठला?"

"फिरंग्यांना नाही," लुलीत म्हणाली, आणि तिने कप खाली ठेवला. "आपल्याला आहे, वर्षाअखेरचा पाच-सहा दिवसांचा. पागुमेची तीन तारीख, सामरावित. रुफाएलचा दिवस. गेल्या आठवड्यातला."

रुफाएलच्या दिवशीचा पाऊस पवित्र मानतात, म्हणून त्या दिवशी पावसात आख्खं अदिस पोरांसकट रस्त्यावर भिजत होतं. म्हणजे दोन हजार अकरा हे फिरंग्यांचं नव्हतंच, ते परवा सरलेलं आपलं साल होतं, फिरंग्यांच्या सात-आठ वर्षं मागून चालणारं. दहा म्हणजे ऑक्टोबर नव्हे, सेने. अकरा म्हणजे हामले. बारा म्हणजे नेहासे. त्याने सेनेत तीनदा दाबलं होतं. हामलेत तीनदा दाबलं होतं. नेहासेत तीनदा दाबलं होतं. सबंध पावसाळा तो तिला विचारत होता, आणि आठ वर्षं शिळे समजून प्रोग्राम ते निरोप अडगळीत टाकत होता. पागुमेत त्याने एकदाच दाबलं. एकदा म्हणजे फक्त काम.

"दिवा," लुलीत म्हणाली. "दिवा, दिवा."

तिने मेंझचा दिवा तीनदा लुकलुकवला. 'दिवा लागला' असं उत्तर तीनदा आलं. मग ती फोनकडे वळली. एंदालेचा फोन बंद. मेहाल मेदाच्या कचेरीत सुट्टी, सोमवारपर्यंत कोणी उचलणार नव्हतं. ती पुढचा निरोप यायची वाट बघत बसली. बटण शून्य. त्याच्या पुढचा, शून्य. संध्याकाळपर्यंत शून्यच. मधल्या वेळात तिने प्रोग्रामला तेरावा महिना शिकवला, आपल्या तारखा ओळखून फिरंगी करायला शिकवलं. काम अवघड नव्हतंच. सेनेत सुचलं असतं तर दुपारभराचं होतं.

रविवारी कापडवाल्याकडची माणसं आली. कॉफी भाजल्याचा वास घरभर झाला होता. लुलीत आईला आत घेऊन गेली.

"एमाये, आज 'परत या' म्हण."

"पुन्हा? का?"

"त्याने विचारलं होतं. तीनदा. मला दिसलं नाही."

एताग्यें पदर डोक्यावर ओढत म्हणाली, "त्या दिवशी मेंढीचं मी बोलले नसते तर..." आणि वाक्य अर्धं टाकून बाहेर गेली. या खेपेला तिने 'परत या' एवढंच म्हटलं, त्यापुढे अवाक्षर नाही.

सोमवारी लुलीत जिन्यातच होती तेव्हा सामरावितचं ओरडणं ऐकू आलं. "मेंझ सुधारलं! लुलीत, धाव! नुकतीच देखभाल झाली आणि बघ, तारीख!"

देखभाल:
    वर्ष: २०१९
    महिना: ९
    दिवस: १६
चाचणी बटण: १

"शाब्बास!" अतो मेलाकू टाळी वाजवत म्हणाले. "शिकला म्हणायचा शेवटी तो एंदाले तारीख घालायला."

सगळे हसले. एंदालेला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते दोन दिवसांत जमणार नव्हतं. तारीख अगदी बिनचूक होती, आणि म्हणूनच लुलीतला कळलं की खोक्यासमोर आता दुसरंच कोणी उभं आहे.

तिने कचेरीला फोन लावला. नव्या माणसाने उचलला. एंदाले नव्या वर्षाच्या आधीच काम सोडून गेले, तो म्हणाला; पश्चिमेला, गांबेलाच्याही पलीकडे, नद्या मोजणाऱ्या तुकडीबरोबर. तिथे फोन लागत नाही. कधी येणार, सांगता येत नाही. "त्यांचे काका इथेच बसलेत, देऊ का?"

"कोण बोलतंय?" गाशे तेसेमांचा खर्जातला आवाज आला. "ती मेंढी नसलेली का?"

"हो, गाशे."

"पोरी, मी सेनेतच हो म्हणालो होतो. मागणीला यायला गाबी धुऊन ठेवली होती. तो बटण दाबायचा आणि दिव्याकडे बघत तिथेच बसून राहायचा. मी म्हणायचो, अरे गाढवा, फोन कर. तर म्हणे, शब्द दिलाय."

"गाशे, तारीख चुकली. त्याने आपली तारीख घातली, म्हणून मला दिसलं नाही. फिरंगी का नाही घातली त्याने?"

"कोणाला विचारून घालणार होता?" म्हातारा म्हणाला. "विचारायचा तो तुलाच ना?"

लुलीतने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"शुक्रवारी मी मेंढ्या वळवत होतो," गाशे तेसेमा म्हणाले. "दिवा लागला. तीनदा. मला वाटलं, म्हातारे डोळे, फसले असतील. तूच ना ती?"

"मीच."

"बरं. मग आता ती गाबी पेटीत टाकू की वर ठेवू?"

"वर ठेवा, गाशे."

त्या आठवड्यात अतो मेलाकूंनी तिचं काम तपासलं. "मेंझची तारीख आता नियमाप्रमाणे येतेय," ते म्हणाले. "ती तेराव्या महिन्याची भानगड काढून टाक. आणि हे काय, उलगड्यात चाचणी बटण तू सगळ्यात वर आणलंस? त्याचं एवढं काय?"

"राहू दे ना, अतो मेलाकू."

"अगं, पण आता आपली तारीख घालणारा आहे कोण?"

"पश्चिमेकडे खोकी बसली तर लागेल."

"पश्चिमेकडे आपलं एकही खोकं नाही, लुलीत."

"अजून नाही," ती म्हणाली, आणि तेरावा महिना आणि वरचं बटण, दोन्ही तसंच ठेवून तिने पुढचा निरोप उलगडायला घेतला.